शिपाई : आकडा की माणूस?

मंडळी, कोकणातल्या आणि साताऱ्याकडच्या कित्येक गावांत एक संगमरवरी पाटी पाहायला मिळते. कुठे ती चावडीच्या भिंतीत बसवलेली असते, कुठे शाळेच्या, तर कुठे देवळाच्या आवारात. पहिले महायुद्ध संपल्यावर इंग्रज सरकारने अशा पाट्या गावोगाव लावल्या. मजकूर दोन ओळींचा. या गावातून अमुक माणसे १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेली आणि त्यांपैकी तमुक जणांनी प्राण दिले. बस्स, एवढेच. अशा पाटीवरून माणसे रोज जातात-येतात, मुले तिच्याखाली गोट्या खेळतात. पण कधी थांबून ती नीट वाचली, तर एक गोष्ट ध्यानात येते. पाटीवर आकडा आहे. नाव एकाचेही नाही.

आता बघा, गावाला काही ती माणसे आकड्याने ठाऊक नव्हती. कुणाचा तो थोरला मुलगा होता, कुणाचा धनी, कुणाचा पाठचा भाऊ. गेले तेव्हा घरातल्यांनी नाव घेऊन हाक मारली असेल, देवाला नारळ फोडला असेल. मग नावाने गेलेला माणूस आकडा होऊन का परत आला? हाच प्रश्न आज आपण थोडा खोलात जाऊन पाहू. लढाईतला एकटा शिपाई म्हणजे नेमका कोण? सरकारच्या हातातले हत्यार, की तुमच्या-आमच्यासारखा माणूस? गेल्या अडीचशे वर्षांत मोठमोठ्या विचारवंतांनी या प्रश्नाला निरनिराळी उत्तरे दिली. विषय तत्त्वज्ञानाचा आहे, पण बिचकू नका. ज्याच्या घरातला कोणी पलटणीत आहे, त्याला हा विषय पुस्तकातल्यापेक्षा अधिक जवळचा आहे.

जुन्या काळची गोष्ट घ्या. कुरुक्षेत्रावर अर्जुनाच्या मनात शंका आली. ती त्याने बोलून दाखवली, भगवंतांनी ती ऐकून घेतली आणि तिच्या उत्तरातून गीता झाली. पण त्याच मैदानावर अठरा अक्षौहिणी सैन्य उभे होते. त्यातल्या एखाद्या पायदळाच्या शिपायाच्या मनात तीच शंका आली असेल, तर ती ऐकणारा कोण होता? आपल्याकडेही तसेच. बाजीप्रभूंचे नाव लहान पोर सांगेल. पण त्या खिंडीत त्यांच्याबरोबर पडले त्यांची नावे किती जणांना येतात? नाव राहायचे ते नायकाचे. बाकीच्यांची फक्त संख्या.

तरीही त्या काळच्या लढाईत एकट्याच्या मनगटाला आणि तलवारीला मोल होते. बंदूक आली आणि ते बदलले. अठराव्या शतकातला प्रशिया म्हणजे आजच्या जर्मनीतले एक राज्य. तिथल्या दुसऱ्या फ्रेडरिक राजाची फौज सगळ्या युरोपात नावाजलेली होती. तेव्हाची बंदूक ठासणीची. काडतूस दातांनी फाडायचे, दारू ओतायची, गोळी घालायची, गजाने ठासायची, मग बार काढायचा. शंभर पावलांच्या पलीकडे नेम लागेलच असा भरवसा नाही. म्हणून उपाय काय, तर शेकडो माणसे खांद्याला खांदा लावून रांगेत उभी करायची आणि सगळ्यांनी एका हुकुमासरशी फैरी झाडायच्या. समोरून गोळ्या येत असताना हे करायचे, तर माणसाने विचार करून चालत नाही. हात आपोआप हलले पाहिजेत. यासाठी रोजची कवायत. चुकला की छडी. मोठा गुन्हा केला, तर छड्या घेतलेल्या सोबत्यांच्या दोन रांगांमधून त्याला चालत जावे लागे आणि प्रत्येकाने त्याच्या उघड्या पाठीवर मारायचे. अशा फौजेतून माणसे पळणारच. फ्रेडरिकने आपल्या सेनापतींसाठी सूचना लिहिल्या, त्यांत आरंभालाच पळून जाणाऱ्यांचा बंदोबस्त सांगितला आहे. रानाच्या फार जवळ तळ टाकू नका, रात्रीची कूच शक्यतो टाळा. शत्रूच्या आधी स्वतःच्या शिपायावर पहारा! त्या काळच्या मते शिपाई म्हणजे यंत्राचा एक दात. झिजला की बदलायचा.

याच शतकात या समजुतीला धक्का देणारे दोन विचारवंत झाले. पहिला रूसो. १७६२ साली निघालेल्या ‘सामाजिक करार’ या ग्रंथात त्याने एक साधी पण मोठी गोष्ट मांडली. युद्ध हे राज्याराज्यांतले असते, माणसामाणसांतले नव्हे. समोरासमोर उभे असलेले दोन शिपाई माणूस म्हणून एकमेकांचे वैरी नसतात. अंगावर शिपायाचा वेष आहे म्हणून, तेवढ्यापुरते ते शत्रू. त्याने हत्यार खाली ठेवले की तो पुन्हा नुसता माणूस झाला आणि मग त्याचा जीव घेण्याचा हक्क कुणालाही उरला नाही. शरण आलेल्याला मारू नये हे आपण नीती म्हणून जाणतोच. रूसोने त्यामागचा तर्क सांगितला.

दुसरा इमॅन्युएल कांट. हा प्रशियातलाच, क्यॉनिग्सबर्ग गावचा प्राध्यापक. राजाच्या कवायती तो डोळ्यांनी पाहत असणार. माणसाला कधीही केवळ साधन म्हणून वापरू नये, ही त्याच्या नीतिविचाराची मुख्य शिकवण. १७९५ साली त्याने चिरंतन शांततेवर एक छोटे पुस्तक लिहिले आणि हीच शिकवण थेट फौजेला लावली. मारण्यासाठी किंवा मरण्यासाठी माणूस पगारावर ठेवायचा, म्हणजे त्याला दुसऱ्याच्या हातातले यंत्र करून टाकायचे. हे माणुसकीच्या हक्कात बसत नाही. म्हणून खड्या फौजा हळूहळू बंद व्हाव्यात असे त्याने म्हटले. मात्र देशातल्या नागरिकांनी आपल्या खुशीने हत्यार चालवायला शिकावे आणि देश राखावा, याला त्याची ना नव्हती. फरक लक्षात घ्या. कांटने हत्याराला दोष दिला नाही. हत्यार धरणाऱ्याची मर्जी विचारली का, एवढेच त्याने विचारले.

तोपर्यंत फ्रान्समध्ये राज्यक्रांती होऊन चुकली होती. २३ ऑगस्ट १७९३ रोजी तिथल्या लोकसभेने सर्व देशाला लढाईला बोलावले. तरुणांनी लढावे, लग्न झालेल्यांनी हत्यारे घडवावीत आणि रसद वाहावी, बायकांनी तंबू नि कपडे शिवावेत, मुलांनी जुन्या कापडाच्या जखमेच्या पट्ट्या कराव्यात, म्हाताऱ्यांनी चौकात बसून लोकांना धीर द्यावा. राजाचा चाकर जाऊन देशाचा नागरिक शिपाई झाला. ही केवढी मोठी बढती! पण तिची एक बाजू जपून पाहिली पाहिजे. पगारी शिपाई महाग पडे, तो तयार करायला वर्षे लागत, म्हणून राजे लोक त्याला काटकसरीने वापरत. नागरिक शिपाई लाखांनी मिळू लागला. मान वाढला आणि त्याबरोबर खर्ची पडणेही वाढले. नेपोलियनच्या लढायांनी ते दाखवून दिले.

१८०६ साली येना गावाजवळ याच नेपोलियनने प्रशियाच्या नावाजलेल्या फौजेचा फडशा पाडला. तेव्हा तिथल्या जाणत्या अधिकाऱ्यांचे डोळे उघडले. छडीने घडवलेला शिपाई मनाने लढत नाही. १८०८ मध्ये ग्नायझेनाऊ नावाच्या अधिकाऱ्याने ‘पाठीचे स्वातंत्र्य’ या नावाचा लेखच लिहिला. पाठ म्हणजे शिपायाची पाठ! त्याच वर्षी पाठीवर छड्या खात रांगांमधून चालण्याची ती शिक्षा प्रशियात रद्द झाली. इंग्रजांच्या फौजेत मात्र फटक्यांची शिक्षा पुरती उठायला १८८१ साल उजाडले. येनाच्या त्याच मोहिमेत कैद झालेला एक तरुण अधिकारी पुढे युद्धशास्त्राचा मोठा पंडित झाला. त्याचे नाव क्लाउझविट्झ. त्याचा ‘युद्धाविषयी’ हा ग्रंथ तो गेल्यावर १८३२ साली त्याच्या पत्नीने प्रसिद्ध केला. भीती, थकवा, गोंधळ आणि नशीब यांचा हिशेब धरल्यावाचून लढाई समजतच नाही, असे त्याने सांगितले. म्हणजे शिपायाला मन असते ही गोष्ट शास्त्रात दाखल झाली.

पण हत्यारे कुठे थांबली होती? हेगेल या जर्मन तत्त्ववेत्त्याने १८२० च्या सुमारासच एक गोष्ट हेरली होती. बंदुकीने शौर्याचे रूप पालटले. पूर्वी एका वीराने दुसऱ्याला समोर पाहून गाठायचे. आता कोण कुणाला मारतो हे दोघांनाही कळत नाही. शौर्य हे एकट्याचे राहिले नाही, ते समूहाचे झाले. हेगेलला यात वावगे वाटले नाही. व्यक्तीने स्वतःला राष्ट्रात विलीन करणे हेच त्याला खरे शौर्य वाटले.

फ्रान्सचा कर्नल आर्दां द्यू पिक याने मात्र कागदावरचे राष्ट्र बाजूला ठेवून शिपायालाच जवळून पाहिले. त्याने अधिकाऱ्यांना प्रश्न लिहून पाठवले. गोळीबार सुरू झाल्यावर तुमची माणसे प्रत्यक्षात काय करतात? कोण पुढे जातो, कोण खाली बसतो? त्याचे उत्तर आपल्या शेतकरी मंडळींना लगेच पटेल. त्याने सिंहाचा दाखला दिला. एकमेकांची ओळख नसलेले चार शूर पुरुष सिंहावर चालून जायला धजणार नाहीत. पण बेताच्याच धीराचे, परंतु एकमेकांना पुरते ओळखणारे चौघे जातील. कारण पाठीमागे कोण आहे ते त्यांना माहीत असते. अहो, विहिरीत उतरणारा माणूस दोर कुणाच्या हातात आहे ते बघूनच उतरतो ना? तसेच हे. द्यू पिक स्वतः १८७० च्या युद्धात तोफगोळ्याने जखमी होऊन मेला. त्याचा सांगावा असा की शिपाई देशासाठी भरती होतो, पण खंदकात तो टिकतो शेजारच्या सोबत्यासाठी.

आता आपण पुन्हा त्या संगमरवरी पाटीच्या काळात येऊ. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. मशिनगन, काटेरी तार, मैलोगणती मारा करणाऱ्या तोफा. फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, १ जुलै १९१६ रोजी, एकट्या ब्रिटिश फौजेची सत्तावन्न हजारांच्या आसपास माणसे मेली किंवा जायबंदी झाली. त्यांतली एकोणीस हजारांहून अधिक मेली. एका दिवसात! हिंदुस्थानातून या युद्धात दहा लाखांहून अधिक माणसे परदेशी गेली आणि सत्तर हजारांहून अधिक परतली नाहीत. इतक्या मोठ्या संख्येत एकटा माणूस दिसणार कसा?

आणि गंमत पाहा, नेमक्या याच वेळी माणसाचे नाव परत द्यायचा विचार पुढे आला. शंभर वर्षांपूर्वी, १८१५ साली वॉटर्लूला पडलेले साधे शिपाई खड्ड्यांत एकत्र पुरले गेले होते. १९१७ मध्ये ब्रिटिश साम्राज्याने युद्धातल्या मृतांच्या थडग्यांसाठी एक आयोग नेमला. त्याने नियम केला की प्रत्येक मृताची आठवण त्याच्या नावाने राहील आणि सेनापती असो वा शिपाई, दगड सारखाच असेल. हुद्दा, जात, धर्म यांवरून भेद करायचा नाही. ज्यांचे देहच सापडले नाहीत, त्यांची नावे मोठ्या स्मारकांवर कोरली. बेल्जियममधल्या मेनिन दरवाजावर अशी चोपन्न हजारांहून अधिक नावे आहेत. फ्रान्समध्ये न्यव्ह शापेल येथे १९२७ साली हिंदी सैनिकांचे स्मारक उभे राहिले. त्यावर ४,७०० च्या वर नावे आहेत. ११ नोव्हेंबर १९२० रोजी लंडनला आणि पॅरिसला एकेका अनोळखी शिपायाला राजाच्या इतमामाने मान दिला. ज्याचे नाव कळत नाही, तो कुणाचाही मुलगा असू शकतो. म्हणून त्याच्यापुढे राजेही टोपी काढून उभे राहिले.

पण मंडळी, नियम कागदावर एक आणि दगडावर दुसरा, असेही झाले. इराकमध्ये, तेव्हाच्या मेसोपोटेमियात, सहावी पुणे डिव्हिजन लढत होती. तीत मराठा पलटणी होत्या. कुत-एल-अमारा गावात तिला वेढा पडला. डिसेंबर १९१५ पासून जवळजवळ पाच महिने उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी फौज शरण गेली. त्यानंतर कैदेतही पुष्कळ माणसे मेली. मेसोपोटेमियात पडलेल्या आणि थडगे नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक जणांसाठी बसरा येथे १९२९ साली स्मारक झाले. तिथल्या भिंतींवर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांचे काय केले? पलटणीच्या नावाखाली नुसती संख्या घातली. आणखी इतके हिंदी शिपाई, संपले. फ्रान्समधल्या स्मारकावर नाव आणि इराकमधल्या स्मारकावर आकडा! एकच आयोग, एकच नियम, एकाच गावचे दोघे भाऊ असले तरी दोघांचा न्याय वेगळा.

ही कागाळी आपण करतो आहोत असे समजू नका. २०२१ साली त्याच आयोगाच्या समितीने चौकशी करून हे स्वतः मान्य केले आणि आयोगाने माफी मागितली. हिंदी, आफ्रिकी आणि इजिप्ती मिळून पंचेचाळीस ते चोपन्न हजार मृतांना असमान वागणूक दिली गेली आणि आणखी निदान एक लाख सोळा हजारांची नावाने आठवण ठेवलीच नाही, असा अंदाज त्या अहवालात आहे. त्या काळच्या काही अधिकाऱ्यांची समजूत अशी होती की या लोकांना नाव कोरलेल्या दगडाची किंमत काय कळणार! ज्याला आपण पूर्ण माणूस मानत नाही, त्याचे नाव कोरायची आठवण आपल्याला राहत नाही. आपल्या गावातल्या पाटीचा अर्थ इथे उलगडतो.

त्याच युद्धात शिपायाचे मनही चव्हाट्यावर आले. तोफांच्या माऱ्यात दिवसच्या दिवस बसलेली माणसे अंगावर जखम नसताना थरथरू लागली, मुकी झाली, झोपेत ओरडू लागली. १९१५ साली डॉक्टर मायर्स यांनी वैद्यकीय मासिकात याला ‘शेल शॉक’ असे म्हटले. कित्येक वरिष्ठांना हा भेकडपणा वाटला. ब्रिटिश बाजूच्या ज्या ३०६ शिपायांना पळून जाणे, भित्रेपणा अशा गुन्ह्यांवरून गोळ्या घालण्यात आल्या, त्यांना २००६ साली ब्रिटिश संसदेने कायद्याने क्षमा केली. नव्वद वर्षांनी! पुढे १९८० साली अमेरिकी वैद्यांनी, व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांना पाहून, या दुखण्याला रीतसर आजार म्हणून नोंदले. आज गावात कोणी पेन्शनर जवान फटाक्याच्या आवाजाने दचकला, तर हसू नये. शरीरात रुतलेला छर्रा जसा दुखतो, तसेच ते.

मनाचा शोध लागला म्हणजे सगळे भलेच झाले असे मात्र नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ साली, अमेरिकेच्या मार्शल या लेखकाने लिहिले की लढाईत शंभरांतले पंचवीसही शिपाई बंदूक झाडत नाहीत; माणसाला माणूस मारवत नाही. हा आकडा त्याने कशावरून काढला याचा पुरावा पुढे अभ्यासकांना मिळाला नाही, म्हणून तो आता खरा धरीत नाहीत. पण त्या वेळी फौजांनी तो मनावर घेतला आणि माणसाच्या आकाराची निशाणे उभी करून, विचार न करता बार काढण्याची सवय लावायला सुरुवात केली. म्हणजे शिपायाचे मन ओळखले ते त्याला वळसा घालण्यासाठी! फ्रेडरिकची कवायत नव्या रूपात आली.

तरीही एकट्याचे शौर्य संपले, हे हेगेलचे म्हणणे पुरते खरे नव्हे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत मराठा पलटणीच्या एका तुकडीवर अगदी जवळून मशिनगन सुरू झाली. तुकडीचे सगळे जण पडले किंवा जखमी झाले. उरले एकटे नाईक यशवंत घाडगे, आपल्या माणगाव तालुक्यातले. ते एकटे धावले, हातबॉम्ब टाकला, मशिनगन बंद पाडली आणि मग शत्रूच्या गोळ्यांनी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचा देह मिळाला नाही. इटलीत कॅसिनो येथील स्मारकावर त्यांचे नाव आहे. यंत्राने माणसाला लहान केले, पण त्याचा निर्णय त्याच्यापासून हिरावून घेता आला नाही.

आणि निर्णय म्हटला की त्याची जबाबदारी आली. इथे आपला विषय सर्वांत अवघड वळणावर येतो. १९४५-४६ साली जर्मनीत न्युरेंबर्ग येथे नाझी पुढाऱ्यांवर आणि सेनापतींवर खटला चालला. ‘आम्ही वरचा हुकूम पाळला’ असे म्हणून गुन्ह्यातून सुटका होणार नाही, शिक्षा फार तर कमी होईल, असे त्या न्यायालयाच्या सनदेतच ठरवले होते. जुन्या प्रशियाला हे वाक्य कळलेच नसते. यंत्राचा दात कधी गुन्हेगार असतो का? पण शिपाई माणूस आहे असे एकदा म्हटले, की मानाबरोबर दोषही त्याच्या पदरात येतो.

त्याच महायुद्धात ग्लेन ग्रे नावाचा अमेरिकी तरुण होता. तत्त्वज्ञानातली डॉक्टरेट आणि फौजेचे बोलावणे त्याला १९४१ साली एकाच दिवशी मिळाले. १९५९ मध्ये त्याने आपल्या अनुभवांवर पुस्तक लिहिले. त्यात हॉलंडमधले लोक सांगत ती एक हकिगत दिली आहे. निरपराध ओलिसांना गोळ्या घालायला उभ्या केलेल्या जर्मन तुकडीतला एक शिपाई रांगेतून बाहेर आला आणि त्याने नकार दिला. त्याला तिथल्या तिथे ओलिसांच्या रांगेत उभे केले आणि त्याच्याच सोबत्यांनी गोळी घातली. त्याचे नाव त्या हकिगतीत नाही. द्यू पिक म्हणाला होता, शिपाई सोबत्यांसाठी टिकतो. मग सोबतीच चुकीच्या बाजूला उभे असतील, तेव्हा काय करायचे?

हा प्रश्न १६ मार्च १९६८ रोजी व्हिएतनाममधल्या माय लाय गावात पुन्हा उभा राहिला. अमेरिकी शिपायांनी शेकडो नि:शस्त्र गावकरी मारले. बायका, म्हातारे, तान्ही मुले. त्यांच्याच फौजेचा ह्यू थॉम्प्सन हा वैमानिक हेलिकॉप्टरमधून हे पाहत होता. त्याने हेलिकॉप्टर गावकरी आणि आपले शिपाई यांच्या मधोमध उतरवले आणि काही जणांना वाचवले. प्रथम त्याला पुष्कळांनी फितूर ठरवले. त्याला आणि त्याच्या दोन सोबत्यांना पदक मिळाले ते १९९८ साली. हत्याकांडाबद्दल शिक्षा मात्र एका लेफ्टनंटलाच झाली.

या युद्धानंतर तत्त्ववेत्त्यांत एक वाद उभा राहिला तो आजही मिटलेला नाही. मायकेल वॉल्झर यांनी १९७७ साली लिहिले की युद्ध सुरू करणे हा राज्यकर्त्यांचा अपराध. नियमाने लढणारे दोन्हीकडचे शिपाई नीतीच्या दृष्टीने समान. हा रूसोचाच धागा. जेफ मॅकमाहन यांनी २००९ साली याला हरकत घेतली. लढाईच अन्यायाची असेल, तर त्या बाजूने नेम धरणाराही अन्यायच करतो; अज्ञान किंवा सक्ती यामुळे त्याचा दोष हलका होईल, नाहीसा होणार नाही. गुरुजनहो, शाळेत वरच्या वर्गात हा वाद जरूर घालून पाहा. माझे स्वतःचे मत विचाराल, तर वीस वर्षांच्या पोराच्या डोक्यावर सगळ्या राज्यकारभाराचा न्याय ठेवणे मला जड वाटते. पण समोर हात वर केलेला माणूस उभा असताना बार काढायचा की नाही, हे ओझे त्याचेच, आणि ते दुसऱ्या कुणाला उचलता येत नाही.

आपल्या देशाच्या कायद्यानेही हा मध्य साधला आहे. १९५० च्या आपल्या लष्करी कायद्यात हुकूम मोडणे हा गुन्हा आहे, पण कोणता हुकूम? ‘कायदेशीर’ हुकूम. हा एक शब्द किती मोलाचा आहे पाहा. जवानाने आज्ञा पाळावी, आणि ती आज्ञा माणुसकीच्या कायद्यात बसते की नाही हेही ओळखावे. हे बंदूक चालवण्यापेक्षा कठीण शिक्षण आहे, आणि ते पलटणीत सुरू होत नाही. ते घरात, तालमीत, शाळेच्या पटांगणात सुरू होते. खाली पडलेल्या गड्याला मारायचे नाही, हे ज्याला लहानपणी कुणी शिकवले, त्याला ते रणात आठवते.

आता युद्धाचे रूप आणखी पालटते आहे. हजारो कोसांवरून पडद्यात पाहून विमान चालवणारा शिपाई आला, स्वतःच निशाण शोधणारी यंत्रे येत आहेत. शिपाई म्हणजे यंत्र, असे फ्रेडरिकच्या काळी मानत. उद्या यंत्रच शिपाई होईल. पण चूक झाली तर यंत्राला विचारता येत नाही, त्याला रात्री झोप येत नाही असेही होत नाही. जबाबदार कोण, हा प्रश्न शेवटी कुठल्या तरी माणसापाशीच येऊन थांबणार.

नवी दिल्लीत २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्रीय समर स्मारक खुले झाले. स्वातंत्र्यानंतर देशासाठी पडलेल्या पंचवीस हजारांहून अधिक जवानांची नावे तिथे दगडावर कोरली आहेत. तिथे जवानाचे नाव आकड्यात बुडवलेले नाही. हे झाले ते चांगलेच झाले. पण दिल्ली लांब आहे आणि आपल्या गावातली पाटी जवळ आहे.

म्हणून शेवटी एक सुचवतो. ज्या गावात अशी पाटी असेल, तिथल्या गुरुजींनी मुलांना घेऊन एक दिवस तिच्यापुढे उभे राहावे. आकडा वाचून दाखवावा. मग मुलांना घरी पाठवून आजी-आजोबांना विचारायला सांगावे, आपल्यातले कोण गेले होते? एखाद्या जुन्या पेटीत पदक सापडेल, पेन्शनीचा कागद सापडेल, एखाद्या म्हातारीला सासूने सांगितलेले नाव आठवेल. मिळतील तेवढी नावे वहीत लिहावीत आणि ती वही शाळेत ठेवावी. सगळी मिळणार नाहीत, पुष्कळ उशीर झाला आहे. पण शंभर वर्षे आकडा होऊन राहिलेल्या माणसांतले एक नाव जरी परत मिळाले, तरी ज्या गावाने त्याला निरोप दिला होता, त्या गावाने त्याला घरी आणले असे होईल.